पायऱ्यांचं चित्र आणि सोनाळ्याचं वावर

आमच्या धंद्यात लेखांची पूजा होते. वाचन होतं असं मी म्हणत नाही, पूजा होते म्हणतो. संगणकाचे प्रोग्रॅम कसे लिहावेत यावर परदेशातल्या कुणा जाणत्या माणसानं दहा-वीस पानं लिहायची, इथल्या एखाद्या साहेबानं त्यातलं एक पान फोटोस्टॅट करून भिंतीवर डकवायचं आणि हाताखालच्या माणसांनी जन्मभर त्या पानाला उदबत्ती ओवाळायची. पोटासाठी मीही ती ओवाळली आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. संपादकांनी मला संगणकाच्या दुनियेतल्या गमती लिहायला सांगितलं होतं. गमती दुसरा कोणीतरी लिहील.

निमित्त असं झालं. गेल्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षण वर्गात मला बोलावलं होतं. निवृत्त माणूस आहे, दोन गोष्टी सांगेल, चहा पिऊन जाईल, एवढीच अपेक्षा. माझ्या आधी एक तरुण प्राध्यापक शिकवत होते. त्यांनी मुलांना एक इंग्रजी लेख वाटला आणि म्हणाले, ‘खेड्यापाड्यांत संगणकाची कामं का फसतात हे समजायचं असेल तर आपल्याकडचा हा पायाभूत लेख. हा वाचल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये.’ एक प्रत माझ्याही हातात आली. लेखकाचं नाव पाहूनच माझं डोकं सणकलं. तिसऱ्या पानावर सोनाळा गाव होतं. गावातली एक अडाणी शेतकरी बाई होती. घटमांडणीच्या भाकितात दाणे इकडचे तिकडे झाले म्हणून त्या बाईनं आणि तिच्या गावानं लेखी दिलेली मागणी फिरवली, आणि एक शास्त्रशुद्ध प्रकल्प बुडाला, असं त्यात लिहिलं होतं.

त्या प्रकल्पाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. ती अडाणी बाई माझी सख्खी मोठी बहीण, द्वारका. आम्ही मेहकरचे, वडील शाळामास्तर, अक्काला दिली सोनाळ्याला. मी प्राध्यापकांना विचारलं, ‘तुम्ही कधी सोनाळ्याला गेला होतात?’ ते म्हणाले, ‘नाही, पण लेख आहे ना.’ पुढे मी काय बोललो ते मलाही नीट आठवत नाही. चहा मात्र घेतला नाही.

आता पहिल्यापासून सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती, संकरित बियाण्याचं वारं सुटलं होतं. खामगावला तेव्हा एक सहकारी बियाणे संघ होता. आज तो नाही, म्हणून नाव सांगत नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून मागणी घ्यायची, कुठल्या गोदामातून कुणाला कोणतं बियाणं जाणार ते ठरवायचं आणि पेरणीच्या आत ते पोचवायचं, हे त्याचं काम. ते संगणकावर करायचं असं कुणाच्या तरी मनात आलं आणि आमच्या कंपनीला कंत्राट मिळालं. मशीन नागपूरला, एका थंडगार खोलीत. तिच्या जवळ जायलासुद्धा परवानगी लागे. आम्ही खामगावच्या दोन खोल्यांत बसून प्रोग्रॅम कागदावर लिहायचो. त्याची जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडली जायची, कार्डांचे गठ्ठे नागपूरला जायचे आणि एखादं चिन्ह चुकलं असेल तर गठ्ठा आठवड्यानं परत यायचा.

बाहेरच्या माणसाला हा धंदा गूढ वाटतो. त्यात गूढ काही नाही. अत्यंत आज्ञाधारक पण बिनडोक नोकराला कामं सांगून ठेवायची, एवढंच. सांगणं अवघड नसतं. काय सांगायचं ते गिऱ्हाइकाकडून समजून घेणं अवघड असतं, कारण गिऱ्हाइकाला तरी ते आधी पुरतं कुठं ठाऊक असतं? यात त्याचा काही दोष नाही. लग्नाचा आचारीसुद्धा पानं किती हे आदल्या दिवशी पुन्हा विचारतो, आणि तेव्हा यजमानावर कोणी अडाणीपणाचा शिक्का मारत नाही.

आमचे साहेब पुण्याचे, निम्मा वेळ नागपूरला, निम्मा आमच्याकडं खामगावला. हुशार माणूस, इंग्रजी फर्डं, कपडे कायम इस्त्रीचे. माझं वऱ्हाडी बोलणं त्यांना फार करमणुकीचं वाटे. एकदा बैठकीत घाईघाईत मी ‘मले वाटते’ म्हणून गेलो, तर ते महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘यांना काय वाटते ते विचारा’ असं सांगून हसवत होते. त्यांच्या खुर्चीमागं एक चित्र लावलेलं होतं. परदेशी लेखातलं. वरून खाली उतरत जाणाऱ्या चौकटी, घाटाच्या पायऱ्यांसारख्या. मागणी समजून घ्या, आराखडा करा, प्रोग्रॅम लिहा, तपासा, चालवा. प्रत्येक चौकटीतून खाली एक बाण. एक पायरी संपली की तिच्यावर सह्या घ्यायच्या आणि ती बंद. मागं फिरणं नाही. साहेब म्हणायचे, ‘पाणी कधी वर चढतं का?’

या माणसाचं वाचन असंच असे. एकदा दुसरा एक लेख गाजला. प्रोग्रॅममध्ये एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उडी मारायला लावू नका, त्यानं गुंता होतो, अशा अर्थाचा. लेख चांगलाच होता. साहेबांनी त्याचा मथळा वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्या बंद, असं फर्मान काढलं. आमच्या मशीनच्या भाषेत उडीशिवाय दुसरी सोयच नव्हती! घरातले दरवाजे बंद करून हिंडा म्हणण्यातला प्रकार. आम्ही उड्या मारत राहिलो आणि साहेबांना दाखवायच्या कागदावर त्यांना वेगळं नाव दिलं. त्यांनी त्याबद्दल आमचं कौतुक केलं.

हे हसण्यावारी गेलं. सोनाळ्याचं गेलं नाही.

पहिली पायरी, म्हणजे मागणी गोळा करणं, साहेबांनी माघ-फाल्गुनात ठेवली. मी गावं फिरलो. पिंपळगाव राजाला फिरलो, मेहकरकडं फिरलो, शेवटी सोनाळ्याला अक्काच्या ओसरीवर कागद घेऊन बसलो. पाहुणे, म्हणजे अक्काचे यजमान, वारल्यापासून शेती तीच पाहत होती. घराजवळचं वावर ती स्वतः करायची आणि रस्त्याकडचं शेजारच्या नारायणरावांकडं बटाईनं, म्हणजे पीक वाटून घ्यायच्या करारानं होतं.

‘आत्ता कायची मांगणी घेतं भाऊ?’ ती म्हणाली. ‘आखाजी होऊ दे. कोण कोणतं वावर ठेवते, कोण सोडते, कोणाले ठाऊक?’

इथं आखाजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं शेतीचं वर्ष बदलतं. बटाईचे करार त्या दिवशी मोडतात, नवे होतात, सालदार गडी बदलतात. त्याच संध्याकाळी आमच्या भागात घट मांडतात. शेतात गोल आखून कडेनं धान्यं मांडायची, मधल्या खड्ड्यात ढेकळांवर पाण्याची घागर ठेवायची, रात्री तिकडं कोणी फिरकायचं नाही, आणि पहाटे काय हललं, काय भिजलं ते पाहून पावसापाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगायचं. माझा त्यावर विश्वास नाही. पण विश्वासाचा प्रश्नच कुठं येतो? आखाजी झाली की गावाचा विचार बदलतो. कुणाचा करारानं, कुणाचा भाकितानं, कुणाचा जावई काय म्हणाला त्यानं. ज्याला बियाणं वाटायचं आहे त्यानं आखाजीनंतर एकदा विचारायलाच हवं. मी परत येऊन तसं लेखी दिलं. आखाजीनंतर फेरमागणी घ्यावी, बदलाची वेगळी कार्डं करावीत, प्रोग्रॅममध्ये त्याची सोय मी करून देतो. साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

तेवढ्यात कामानिमित्त मुंबईला गेलो होतो. तिथं एका संस्थेच्या वाचनालयात भिंतीवरच्या त्या चित्राचा सबंध लेख माझ्या हाती लागला. वाचला आणि मी थक्क झालो. चित्राच्या खालीच लेखकानं बजावलं होतं की असं सरळ उतरत गेलात तर काम अंगाशी येईल. पुढच्या पानांवर खालून वर जाणारे बाण होते. गिऱ्हाइकाला वेळोवेळी सामील करून घ्या, हेही होतं. म्हणजे ज्या चित्राची आम्ही पूजा करत होतो, ते त्या बिचाऱ्यानं ‘असं करू नका’ म्हणून काढलं होतं! मी आनंदानं टिपणं काढली आणि खामगावला आल्याआल्या साहेबांपुढं ठेवली.

‘तुम्ही पूर्ण लेख वाचलात?’ साहेबांनी विचारलं.

‘हो साहेब. तुम्ही?’

त्यांना ते झोंबलं. ‘हे पहा, मी हे चित्र जिथं जिथं पाहिलंय तिथं बाण खालीच जातात. सगळं जग चुकलं आणि मेहकरचे तुम्ही तेवढे बरोबर, असं म्हणणं आहे का?’

माझं तेच म्हणणं होतं.

आखाजी झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सोनाळ्याची माणसं एस.टी.नं खामगावला आमच्या कचेरीत आली. अक्का त्यांच्यात होती. नेमके साहेब नागपूरहून आलेले. संघाचे व्यवस्थापक बोबडे एका कोपऱ्यात घाम पुसत उभे.

अक्का पुढं झाली. ‘साहेब, रस्त्याकडचं वावर नारायणभाऊनं सोडलं. यंदा मी करून राह्यली. त्याच्या नावची ज्वारी काढा, अन् माह्या नावावर कपाशी टाका.’

‘बाई, माघात मागणी दिलीत ना?’

‘माघात वावर त्याच्याकडं होतं.’

‘मग आता एवढ्यात काय घडलं?’

‘आखाजी झाली.’

‘आखाजीचा आणि बियाण्याचा काय संबंध?’

अक्का सांगणार होतीच, पण तिच्या मागचे एक म्हातारबा मोठ्या उत्साहानं पुढं सरकले. ‘यंदा घटमांडणीत कपाशी चांगली निंघाली न साहेब! ज्वारी मोघम, बेताचीच हाय म्हंते.’

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातली डायरी काढली आणि म्हातारबांना दाण्यांचं, घागरीचं सगळं खोदून खोदून विचारून लिहून घेतलं. अक्का मधे दोनदा म्हणाली, ‘ते राहू द्या, मले वावर पेरायचं हाय.’ तिचं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी तेव्हा मधे पडून करारांचं सांगायला लागलो, तर हातानंच मला थांबवलं.

‘ही पायरी आता बंद झाली आहे,’ ते अक्काला म्हणाले.

‘कोनं बंद केली?’ अक्कानं विचारलं.

साहेबांनी भिंतीकडं बोट दाखवलं.

मी हार मानली नव्हती. बदलाच्या कार्डांचा प्रोग्रॅम मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून ठेवला होता. छोटासाच होता. नागपूरच्या मशीनवर एकदा चालवला असता तर सोनाळाच काय, सगळ्या गावांचे बदल बसले असते. त्यासाठी साहेबांची एक सही हवी होती. मी मागितली, पुन्हा मागितली, शेवटी बोबड्यांना घेऊन नागपूर गाठलं. बोबडे हात जोडून म्हणाले, ‘साहेब, लोकं मले खाऊन टाकतीन.’ साहेब म्हणाले, ‘गिऱ्हाइकाला शिस्त लागायची तर एकदा किंमत मोजावीच लागते.’ किंमत कोण मोजणार हे मात्र बोलले नाहीत.

बियाणं जुन्या मागणीप्रमाणं निघालं. सोनाळ्याच्या गोदामात ज्वारीच्या थैल्यांची थप्पी लागली, ज्यांच्या नावानं त्या आल्या होत्या त्यातल्या कित्येकांकडं ती वावरंच उरली नव्हती. नियम असा की ज्याच्या नावाची थैली त्यालाच द्यायची. नारायणराव म्हणाले, ‘मले नको, द्वारकाबाईले द्या.’ गोदामवाल्यानं द्यायला नकार दिला. आणि संकरित कपाशी त्या वर्षी संघाशिवाय कुठं मिळत नव्हती. घरची सरकी म्हणावी, तर घरचं बियाणं ठेवू नका असं संघानंच गावोगाव सांगितलेलं, अक्कानं ती कधीच विकून टाकलेली. बोबडे प्रत्येक खेपेला सांगत, ‘पुढच्या हप्त्यात होऊन जाईन बाई.’ खोटं बोलत नव्हते ते. मीच त्यांना तसं सांगत होतो, कारण माझाही जीव त्या सहीवर टांगला होता.

अक्कानं वावर नांगरून-वखरून तयार ठेवलं होतं. पेरणीजोगा वाफसा आला आणि वाट पाहण्यात गेला. मग पावसाची झड लागली. उघाड पडेपर्यंत सगळ्या वावरात कमरेएवढं तण. त्या खरिपात रस्त्याकडचं वावर पडीत राहिलं. येणारा-जाणारा एस.टी.तून ते पाही, आणि खेड्यात पडीत वावराची मालकीण असणं म्हणजे काय ते मी शब्दांत सांगू शकत नाही. बाईमाणसाच्या हातून शेती होत नाही, असं भावकीत उघड बोललं गेलं. ते वावर तिच्याकडून काढून दिराकडं द्यावं इथपर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्या साली तिनं त्यात कपाशी काढून दाखवली तेव्हा तोंडं बंद झाली. त्या वर्षीचं भाकीत खरं ठरलं की खोटं, मला विचारू नका. मी ते कधी ताडून पाहिलं नाही.

संघानं आमचं कंत्राट मोडलं आणि योग्य केलं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशा साहेबाला घरी बसवलं असतं. आमच्या साहेबांनी लेख लिहिला. तो त्यांनी मोठ्या परिषदेत वाचला, तिथं टाळ्या पडल्या, मग छापून आला. मग दुसऱ्यांनी आपल्या लेखांत त्याचा आधार घेतला, तिसऱ्यांनी दुसऱ्यांचा. साहेब चढत गेले. पाणी वर चढत नाही म्हणणारे स्वतः मात्र भराभर चढले. पद्धत निर्दोष होती, वापरणारी माणसं अप्रगत होती, हा त्या लेखाचा निष्कर्ष. बटाईचा त्यात उल्लेख नाही. मी लेखी दिलेल्या सूचनेचा नाही. अडलेल्या सहीचा नाही. म्हातारबांचं बोलणं उचलून अक्काच्या तोंडी घातलंय. मी तेव्हा त्या नियतकालिकाला खुलासा पाठवला. तो परत आला, शेरा असा की आपल्या म्हणण्याला कुठल्याही प्रकाशित लेखाचा आधार दिसत नाही. प्रकाशित लेखाचा आधार! मी तिथं हजर होतो, तो आधार पुरेना.

लेख वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. काही लेखांनी माझे डोळे उघडले. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली की आणखी उशीर होतो, हे मी आधी एका लेखात वाचलं आणि मग तीनदा भोगलं. ज्यानं लिहिलं त्यानं ते स्वतः भोगून लिहिलेलं कळतं. माझा संताप आहे तो चित्र पाहून पान उलटणाऱ्यांवर, आणि न पाहिलेल्या गावाबद्दल बेधडक शिकवणाऱ्यांवर. त्या वर्गातली तीसेक मुलं आता नोकऱ्यांना लागतील आणि एखाद्या बाईनं मागणी बदलली की मनात म्हणतील, अडाणी.

त्या वर्गातून घरी न जाता मी सरळ सोनाळ्याची गाडी धरली. अक्का आता थकली आहे, पण रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तिच्या नावानं असं काही छापलं गेलंय हे मी इतकी वर्षं तिला कळू दिलं नव्हतं. लेख तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उलटसुलट केला, इंग्रजी पाहून माझ्याकडं परत दिला. ‘वाच,’ म्हणाली.

मी ओसरीवर बसून सबंध लेख तिला मराठीत सांगितला. अडाणी हा शब्द गाळणार होतो. मग वाटलं, का गाळायचा? तोही वाचला. माझाच आवाज चढत होता. शेवटच्या वाक्यानंतर मी लेख मिटला.

‘झालं?’

‘झालं.’

‘अन् माह्यं वावर पडीत राह्यलं, ते कुठी लिवलं हाय?’

मला माहीत होतं, तरी मी पानं पुन्हा चाळली. मागून पुढं, पुढून मागं.

‘नाही लिहिलं,’ मी म्हणालो.

‘इतका मोठा लेख, अन् थेच नाही?’

‘नाही अक्का.’

‘मंग तू लिव्ह,’ ती म्हणाली. ‘अन् मराठीत लिव्ह. मले वाचता येईन.’